अब्बांचा शिंगवाला ससा

सर्व संबंधितांना, आणि ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशांनाही, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की दुबईच्या देऱ्यातल्या आमच्या घरात एक ससा राहत होता आणि त्याच्या डोक्यावर दोन शिंगं होती. बकरीसारखी साधीसुधी नव्हेत. हरणासारखी, फाटे फुटलेली, टोकाला गुळगुळीत. ज्यांना हसायचं आहे त्यांनी इथेच हसून घ्यावं, मी थांबते. झालं? आता पुढे हसण्याची परवानगी नाही, कारण पुढचं सगळं मी रागात लिहिणार आहे. हा राग ताजा नाही. इतकी वर्षं मी तो बरणीत घालून, वर तेलाचा थर देऊन ठेवला आणि अधूनमधून बोट बुडवून चाखत आले. अजून उतरलेला नाही.

ससा आजही माझ्याकडे आहे. इंटरनॅशनल सिटीतल्या माझ्या फ्लॅटमध्ये, चपलांच्या रॅकच्या वर, भिंतीवर. म्हणजे नुसतं मुंडकं आणि मान, लाकडी फळीवर बसवलेली. एका डोळ्याची काच पडली तेव्हा मी तिथे अब्बांच्या जुन्या कोटाचं काळं बटण चिकटवलं, त्यामुळे तो हल्ली कोणाला तरी डोळा मारल्यासारखा दिसतो. माझी लेक मैत्रिणींना घरी आणते तेव्हा दारातच बजावते, "इट्स अ जॅकलोप, इट्स फेक, अँड प्लीज डोन्ट आस्क मॉम." मॉमला विचारू नका, कारण विचारलं की मॉम सगळ्यांना बसवून घेते, चहा करते आणि पोरींना त्यांच्या आया फोन करायला लागेपर्यंत सोडत नाही. म्हणून इथे लिहिते आहे.

आमचं देऱ्यातलं घर नावाला एक बेडरूमचं होतं. हॉलच्या मधोमध प्लायवूडचं पार्टिशन, त्याच्या अलीकडे आम्ही जेवायचो, पलीकडे आल्यागेल्याची सोय. खिडकीतला एसी अख्खा दिवस घसा खाकरायचा आणि त्याच्या पोटातून गळणारं पाणी अम्मी बादलीत धरून फरशीला वापरायची. खाली खाडीच्या बाजूने गलबतांचे भोंगे, हमालांची यल्ला यल्ला, आणि पाच मशिदींच्या अजाना एकमेकींच्या मागोमाग, जणू प्रत्येकीचं घड्याळ वेगळ्या दुकानातून आणलेलं. शुक्रवारी सकाळपासून घरात ओल्या नारळाचा वास. अम्मी सांदणाचं पीठ रात्रीच आंबवून ठेवायची आणि सकाळी वाफेच्या भांड्यावर झाकण आपटायला लागलं की आम्ही पोरं उठायचो. पांढरी, जाळीदार, गोडसर सांदणं आणि नारळाच्या दुधातलं मटण. दुबईत सगळ्या जगाचं जेवण मिळतं म्हणतात. मिळत असेल, आम्ही कधी खाली उतरून पाहिलं नाही.

अब्बा जबल अलीच्या एका गोदामात माल उतरवून घ्यायचे. कंपनीची बस त्यांना पहाटे उचलायची आणि दिवेलागणीला आणून टाकायची. काम असं की पेटी उघडायची, आत काय आहे ते डोळ्यांनी पाहायचं, हाताने चाचपायचं आणि मग सही करायची. वर काय छापलंय त्यावर विश्वास ठेवायचा नाही. ही सवय त्यांच्या अंगात इतकी भिनली होती की घरीसुद्धा अम्मीने "दूध संपलं" म्हटलं तर ते उठून पातेल्यात डोकावायचे. अम्मी म्हणायची, ह्या माणसाने निकाहाच्या वेळी कबूल म्हणण्याआधी माझा बुरखा वर करून पाहिला नाही हीच माझ्यावर मेहेरबानी.

पण ह्याच सवयीमुळे अब्बांना एक मोठं पद मिळालं होतं, ज्याचं नाव नव्हतं आणि पगारही नव्हता. तेव्हा आमच्या लोकांत अशी रीत होती: दापोलीत, म्हसळ्यात, श्रीवर्धनला, कुठेही कोणाच्या मुलीला दुबईतला मुलगा सांगून आला की मुलीकडची माणसं अब्बांना फोन करायची. दर शुक्रवारी, जुम्म्याची नमाज आटोपून ते घरी आले की फोन वाजायचा. पलीकडून कोणाचा तरी बाप बूथमधून ओरडत विचारायचा, इब्राहीमभाई, अमक्याचा तमका, मुलगा कसा? अब्बा आठवडाभराची मुदत घ्यायचे. मुलगा राहतो त्या खोलीवर जायचे, त्याच्याबरोबर चहा प्यायचे, शेजारच्या खाटेवरच्याशी बोलायचे. पुढच्या शुक्रवारी सांगायचे, "मी पाहिलं तेवढं सांगतो." आणि पाहिलं तेवढंच सांगायचे. नमाजी आहे. रागीट आहे. सुपरवायझर म्हणून सांगतो पण ट्रक धुतो, तरी माणूस चांगला आहे, द्या. कित्येक मुलींची आयुष्यं त्या हॉलमधल्या मळक्या फोनवर मार्गी लागली. मार्गी लागलेल्यांपैकी कोणीही, हे लक्षात ठेवा, पुढे तोंड उघडलं नाही. त्यांच्याकडे मी शेवटाआधी एकदा येणार आहे.

तर ससा. गोदामाचा मॅनेजर अमेरिकन होता, डेल साहेब. उंच, लाल मानेचा, वायोमिंग नावाच्या मुलखातला, जिथे म्हणे माणसांपेक्षा गाई जास्त आहेत. त्याच्या केबिनच्या भिंतीवर हे मुंडकं टांगलेलं असायचं. नोकरी संपवून तो घरी निघाला तेव्हा त्याने सगळ्यांना काही ना काही दिलं. कोणाला टोपी, कोणाला कॉफीचा मग. अब्बांना बोलावून त्याने भिंतीवरून ससा उतरवला आणि दोन्ही हातांनी त्यांच्या हातात दिला. म्हणाला, ह्याला जॅकलोप म्हणतात, आमच्याकडे माळरानावर असतो, फार क्वचित दिसतो. इतका चपळ की बंदुकीची गोळी मागे राहते. गुराखी रात्री शेकोटीपाशी गाणं म्हणायला लागले की अंधारातून तेच गाणं, त्याच आवाजात, हा परत म्हणून दाखवतो. त्याच्या मादीचं दूध औषधी. आणि पकडायचा तर एकच उपाय, व्हिस्कीचं भांडं भरून ठेवायचं. पिऊन गुंगला की धरायचा. हे सगळं त्याने अजिबात न हसता सांगितलं, अब्बांचा खांदा दाबला आणि विमानतळावर निघून गेला.

माझा पहिला राग ह्या डेल साहेबावर आहे. थाप मारण्याचीसुद्धा एक रीत असते. मी जन्मभर थापा मारत आले आहे, मला विचारा. आपण सांगतो, समोरचा डोळे विस्फारतो, त्याला थोडा वेळ तसाच लटकत ठेवायचा आणि शेवटी आपण हसायचं, म्हणजे तोही सुटतो आणि आपणही सुटतो. हा माणूस न हसता विमानात बसला. माझ्या बापाला त्याने लटकत ठेवलं आणि हसण्याचा भाग सामानात बांधून घेऊन गेला. कदाचित त्याला वाटलं असेल की अब्बांना कळलंय. त्याच्या गावात शेंबड्या पोराला कळत असेल. पण आमच्यात निरोपाची भेट देताना वडीलधारा माणूस खोटं बोलत नाही, आणि घेणारा ती उलटीपालटी करून विचारत नाही की साहेब, नक्की ना?

तरीही अब्बांनी घरी आल्यावर आपल्या परीने तपासणी केली. ससा मांडीवर घेतला, शिंगं धरून ओढली. हलली नाहीत. मुळाशी केस चाचपले. शिंग कातडीतूनच आल्यासारखं लागलं. मग त्यांनी मान हलवली, म्हणजे माल मिळाला, बरोबर आहे. झालं. त्या दिवसापासून अब्बांनी जन्मात पहिल्यांदा गोष्ट सांगायला सुरुवात केली. हा माणूस लग्नाच्या चौकशीखेरीज सलग चार वाक्यं बोलत नसे. आता शुक्रवारी पाहुणे आले की जेवण होताच ते सश्यापाशी उभे राहायचे आणि वायोमिंगचं माळरान हॉलमध्ये उभं करायचे. फक्त व्हिस्कीच्या जागी त्यांनी गुलाबाचं सरबत घातलं, कारण पोरांसमोर दारूचं नाव नको. सरबत पिऊन गुंगणारा ससा कोणालाही खटकला नाही, ह्यावरून सांगणाऱ्याचा वट लक्षात घ्यावा. खालच्या मजल्यावरच्या हलीमाबूनी तर त्या औषधी दुधाची सुकी पावडर मिळते का म्हणून विचारलं होतं.

अम्मीला मात्र तो डोळ्यांसमोर नको होता. मेलेल्या जनावराचं तोंड घरात टांगलं तर फरिश्ते आत येतील का, हा तिचा सवाल. शेवटी तडजोड अशी निघाली की ससा फ्रिजवर बसेल आणि नमाजाच्या वेळी त्याच्या तोंडावर टॉवेल पडेल. मग दिवसातून पाच वेळा अम्मी त्याच्यावर टॉवेल अशी फेकायची की बाहेरच्याला वाटावं, नवरा-बायकोचं भांडण चालू आहे. "हा जाईल तेव्हा माझ्या घरात बरकत येईल," असं ती फ्रिज उघडताना त्यालाच ऐकवायची.

अशा ह्या घरात माझी जैनबखाला, अम्मीची धाकटी बहीण, व्हिजिट व्हिसावर आली आणि बरोबर तिची लेक नसीम. खालू, म्हणजे नसीमचे वडील, वारले होते. खालाने नसीमला एकटीने वाढवलं होतं आणि आता तिला एकच घाई होती. नसीम माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. अंगाने बारीक, आवाज त्याहून बारीक, पण नकला अशा करायची की पोट धरावं. आल्याच्या तिसऱ्या दिवशी तिने सश्याला अम्मीच्या आवाजात आणि अम्मीला सश्याच्या तोंडाने उत्तर देऊन दाखवलं. पार्टिशनच्या पलीकडे आम्ही दोघी एका गादीवर झोपायचो आणि मला पहिल्यांदा वाटलं की मला बहीण आहे. तिला इथे आणलं होतं ते दाखवायला. मुलगा अशफाक, हमीदशेठचा पुतण्या. ईदनंतर गावी निकाह, त्याआधी इथे मंगनी.

हमीदशेठचं सोन्याच्या बाजाराच्या मागच्या गल्लीत सुटकेसचं दुकान होतं. कोकणात जाणारी प्रत्येक बॅग तिथून निघायची. माणसं बॅग आणि ब्लँकेटं घ्यायची, दुकानातच भरायची, हमीदशेठची पोरं वरून दोरी आवळून जाड मार्करने नाव आणि गाव लिहून द्यायची. त्यामुळे कोण कधी जाणार, काय नेणार, कोणासाठी नेणार, सगळं त्यांना ठाऊक. मोठा आवाज, मोठी अंगठी, प्रत्येकाला हबीबी. त्यांच्या दुकानात उभं राहून ते जे बोलायचे ते आठवड्याभरात म्हसळ्याला पोचायचं, बॅगेच्या आधी.

आता अब्बांनी काय पाहिलं ते सांगते. दाताचं काम शेजारच्या अजमान शहरात स्वस्त होतं म्हणून ते तिथल्या एका दवाखान्यात गेले होते. तिथे बाकावर अशफाक बसलेला. मांडीवर दोन-अडीच वर्षांची मुलगी, शेजारी एक बाई, औषधाची पिशवी तिच्या हातात. मुलगी त्याला पप्पा पप्पा करत होती, त्याच्या शर्टाला नाक पुसत होती, आणि तिच्या काखेत कापडाचा एक ससा होता, त्याचा एक कान निघालेला. अशफाकचं लक्ष नव्हतं. अब्बांनी सलाम केला नाही. पाहिलं आणि घरी आले. अम्मीला आणि खालाला समोर बसवून त्यांनी जसंच्या तसं सांगितलं, कानासकट. म्हणाले, "दुसरं लग्न करायचं असेल त्याला, मजहबात मनाई नाही. पण लपवून नाही. आपली मुलगी अंधारात द्यायची नाही."

नसीम दाराशी उभी होती. तिने अब्बांना एवढंच विचारलं, "खालू, तुम्ही स्वतः पाहिलंत?" अब्बा म्हणाले, पाहिलं. तिने मान हलवली आणि आत जाऊन मंगनीसाठी शिवायला काढलेला कुर्ता घडी करून ठेवून दिला. तिच्या दृष्टीने विषय संपला होता. पण तिच्या दृष्टीला कोण विचारत होतं?

खालाने हमीदशेठना बोलावून तोंडावर विचारलं, ही तिची हिंमत मी मान्य करते. ते आले, बसले, चहा घेतला आणि हसले. म्हणाले, ती बाई अशफाकच्या मित्राची बायको, मित्र सुट्टीवर गेला होता, पोराने मदत केली, सवाब कमावला, त्याचं हे बक्षीस. पप्पा? लहान मूल कोणालाही पप्पा म्हणतं. आणि मग त्यांची नजर फ्रिजवर गेली. त्यांनी सश्याची चौकशी केली. अब्बांनी, बिचाऱ्यांनी, उभं राहून पूर्ण गोष्ट सांगितली. सरबतासकट. हमीदशेठनी मन लावून ऐकली.

त्यांच्या दुकानात एक अमेरिकन बाई बॅग घ्यायला यायची. तिला त्यांनी विचारलं. ती म्हणाली, अय्या, हे तर आमच्याकडे पेट्रोल पंपाशेजारी विकतात, सश्याला हरणाची शिंगं बसवायची आणि बाहेरगावच्या माणसाला बनवायचं, आमचे आजोबा बनवायचे तसं. बस्स. पुढच्या शुक्रवारच्या आत सगळ्या देऱ्याला कळलं. जुम्म्याहून अब्बा परत येताना जिन्यात कोणीतरी डोक्याला दोन बोटं लावून दाखवली. भाजीवाल्यापाशी अम्मीला विचारलं गेलं, भाभी, घरी अजून काय काय पाळलंय? आणि हमीदशेठनी दुकानात ते वाक्य काढलं, जे आजही ऐकू आलं की माझ्या हाताच्या मुठी वळतात: "इब्राहीमभाई, अजमानच्या त्या पोरीला शिंगं होती का?" लोक बॅगांना टेकून हसले. कापडाच्या सश्याचं कळलं तेव्हा तर त्यांना पर्वणीच. म्हणाले, बघा, तिथेही ससा. ह्या माणसाला जिकडे तिकडे ससे दिसतात, खलास, ह्याच्या शब्दावर पोरी द्यायच्या आणि मोडायच्या?

आणि फोन वाजायचा थांबला. शुक्रवारी दुपारी आम्ही जेवून बसायचो आणि फोन तसाच पडलेला. मघाशी म्हटलं ना, त्यांच्याकडे येणार आहे? इतक्या घरांची लग्नं ज्याच्या शब्दावर जमली, त्यातल्या एकाने, एका जावयाने, एका सासऱ्याने, त्या दुकानात उभं राहून म्हणायला हवं होतं की थांबा, माझ्या बाबतीत हा माणूस खरं बोलला होता. कोणी म्हटलं नाही. सगळ्यांना बॅगा बांधायच्या होत्या. मला अशी माणसं आजही दिसतात, मेट्रोत, मॉलमध्ये, केस पिकलेले, नातवंडं कडेवर. सलाम करतात. अब्बा मोठा नेक माणूस होता, म्हणतात. मी हसून मान हलवते आणि मनात म्हणते, तेव्हा जीभ कुठल्या सुटकेसमध्ये कुलूपबंद होती?

अब्बांनी काय केलं? चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी रात्री नाही, लख्ख दुपारी, खिडकीपाशी बसून भिंगाने शिंगांचं मूळ पाहिलं, रेझरच्या पात्याने केस बाजूला केले. खाली शिवण होती. बारीक, सुबक. बराच वेळ ते त्या शिवणीवर अंगठा फिरवत राहिले. मग उठून कपडे केले आणि ज्या ज्या माणसाला त्यांनी सश्याची गोष्ट सांगितली होती त्याच्या त्याच्या घरी जाऊन सांगून आले. "सश्याचं मी चुकीचं सांगितलं होतं. शिवलेला आहे. अजमानचं बरोबर सांगितलं होतं." दोन्ही वाक्यं एकाच सुरात. हलीमाबूना सांगितलं, नाईक बिल्डिंगमधल्या तिघांना सांगितलं, सुटकेसच्या दुकानात भर गिऱ्हाइकांत जाऊन हमीदशेठना सांगितलं. मी त्यांच्याबरोबर होते, माझा शाळेचा बूट शिवायला द्यायचा होता. लोकांनी फक्त पहिलं वाक्य ऐकलं. मला तेव्हा त्यांचाही राग आला. असा खरेपणा काय कामाचा, जो आपल्याच पायाखालची चटई ओढून समोरच्याला देतो?

घरात एकच माणूस माझ्याएवढं पेटलं होतं आणि ती होती अम्मी. ज्या दिवशी भाजीवाल्यापाशी तिला टोमणा मिळाला त्या दिवशी ती घरी आली, पिशवी ठेवली, स्टूल घेऊन फ्रिजवरून ससा उतरवला. मला वाटलं, गेला आता खिडकीतून. तिने ओल्या फडक्याने त्याचे कान पुसले, शिंगांना खोबरेल लावलं, आणि त्याला पुन्हा वर ठेवला, दारातून शिरल्या शिरल्या समोर दिसेल असा. नमाजाला टॉवेल टाकायची आता, पण हळूच, लहान मुलाला पांघरूण घालावं तशी. जैनबखाला म्हणाली, आपा, अजून हसं करून घ्यायचंय? अम्मी म्हणाली, "माझ्या नवऱ्याला दिलेली भेट आहे ती. शिवलेली असली म्हणून काय झालं, तूही शिवलेलेच कपडे घालतेस."

खाला मात्र वळली. तिला दोष देताना माझी जीभ अडखळते. गावाकडून दीर रोज विचारत होते, व्हिसा संपत होता, हमीदशेठ गोड बोलत होते, आणि तिच्यासमोर एका बाजूला भरलेलं घर होतं आणि दुसऱ्या बाजूला सश्याला फसलेला मेहुणा. तिने मंगनीचा दिवस ठरवून टाकला. शुक्रवार, आमच्याच घरी. अब्बा म्हणाले, मुलगी तुझी आहे, मी दारात आडवा पडणार नाही, पण विचारशील तेव्हा तेच सांगेन. नसीमने घडी केलेला कुर्ता परत उलगडला आणि हातशिलाईने पुरा केला. त्या दिवसांत तिने एकही नक्कल केली नाही. एकदाच, गादीवर पडल्या पडल्या, मला म्हणाली, "शब्बो, मला माहितीये ते खरं आहे. मला माहीत असून मी जाणार. न माहीत असतं तर बरं झालं असतं ना गो?" मी सोळा वर्षांची होते. मी तिचा हात इतका घट्ट धरला की सकाळी तिला बांगडीचा वळ उठलेला.

शुक्रवार उजाडला. अम्मीने रागाच्या भरात आजवरची सगळ्यात चांगली सांदणं केली. फुगलेली, हलकी, तोंडात ठेवली की नाहीशी होणारी. मटण, तळलेली सुरमई, तांदळाच्या भाकऱ्या, वर शेवयांची खीर. वैऱ्यालाही कमी पडता कामा नये, हा तिचा सूड होता. हमीदशेठ आले मिठाईचा हा मोठा डबा घेऊन, आणि मागून अशफाक. मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते. मला सैतान पाहायचा होता. आला तो गोरटेला, गालाला खळ्या, नवीन शर्टची कॉलर टोचते म्हणून सारखी मान वळवणारा एक तिशीचा पोरगेला माणूस. चाचा बस म्हणाले की बसायचा, खा म्हणाले की खायचा.

मोठ्या ताटाभोवती पुरुष बसले, आम्ही पार्टिशनच्या फटीतून. हमीदशेठ खात होते आणि प्रत्येक घासाला एक टोमणा वाढत होते. मटण चांगलं आहे भाभी, हे कुठल्या जनावराचं, शिंगवाल्या की बिनशिंगाच्या? इब्राहीमभाई, माझ्या दुकानात एक उडणारा उंट आलाय, बघायला या, पाहिलं तेवढं लोकांना सांगा. अब्बा खाली मान घालून त्यांच्या ताटाकडे भाकऱ्या सरकवत होते. माझ्या शेजारी नसीम डोक्यावर ओढणी घेऊन बसलेली, अम्मीच्या हातात सरबताचा ट्रे. खाला पार्टिशनच्या तोंडाशी उभी, मिठाईचा डबा उघडायच्या तयारीत. एकदा ती मिठाई नसीमच्या तोंडात गेली की संपलं. मग आमच्यात शब्द फिरवता येत नाही. हमीदशेठनी हात पुसले आणि म्हणाले, चला, खलास, तोंड गोड करू या, आणि जाता जाता तो ससा तरी दाखवा माझ्या पुतण्याला, सगळी दुबई पाहून गेली, जावई तेवढा राहिला.

अब्बा उठले. हे मुद्दाम होतं का, ते मला आजतागायत कळलेलं नाही. पुढे कितीदा तरी विचारलं. दर वेळी म्हणाले, पाहुण्याने मागितलं, मी दाखवलं. त्यांनी फ्रिजवरून ससा उतरवला, फडक्याने पुसला आणि डेल साहेबाने दिला होता तसाच, दोन्ही हातांनी, अशफाकच्या मांडीवर ठेवला. शांतपणे म्हणाले, "शिवलेला आहे बेटा. पण बघ."

आणि अशफाक हसला. इतके दिवस त्या सश्यावरून जी काही हसणी मी ऐकली होती त्यांत माझ्या बापाचं नाव असायचं. ह्याच्या हसण्यात नव्हतं. हा नुसत्या सश्याला हसत होता, खूश होऊन, खळ्या पडेपर्यंत. त्याने शिंगांची टोकं बोटाने दाबून पाहिली, कान कुरवाळले, नाकाला नाक लावलं, सश्याला उजेडाकडे धरलं. टोचणारी कॉलर विसरला, मिठाई विसरला, समोरची होणारी सासू विसरला. हमीदशेठ म्हणाले, बस झालं, ठेव तो. त्याने ऐकलं नाही. जैनबखालाने डब्याचं झाकण काढलं होतं, पेढा तिच्या चिमटीत होता. अशफाक सश्याचे दोन्ही कान हातात धरून तसाच चाचांकडे वळला आणि भर हॉलमध्ये म्हणाला:

"चाचा, हा एक दिवस घरी नेऊ का? माझ्या पोरीच्या सश्याला तर एकच कान उरलाय."